सीलबंद किटली आणि आहेराचं पाकीट

टिपणीसबाईंनी हॅम्बुर्गला बिऱ्हाड थाटून चारच दिवस झाले होते, आणि पहिल्याच खरेदीने दगा दिला. विजेची नवी कोरी किटली पाणी काही तापवेना. पुण्यात दुकानदार साधा बल्बसुद्धा लावून दाखवतो. इथे खोकं सीलबंदच हातात ठेवलं होतं.

बाई किटली घेऊन दुकानात गेल्या. मॅनेजर क्रूगर म्हणजे टाय लावलेली नियमावली. खोक्याकडे बघून ते म्हणाले, "सील फोडलेला माल आम्ही बदलून देत नाही."

"अहो, पण सील न फोडता किटली बिघडलीय हे कळणार कसं?"

"ते नियमात दिलेलं नाही, मॅडम."

दुसऱ्या दिवशी बाईंनी बिघडलेल्या किटलीसकट येऊन तशीच दुसरी किटली उचलली आणि काउंटरवर आहेराचं पाकीट ठेवलं. वर रुपया चिकटवलेला आणि चारी बाजूंनी टेप.

"हे किटलीचे पैसे. पण पाकीट फोडलंत, तर आत काहीही निघो, तक्रार चालणार नाही हं!"

क्रूगरांनी पाकीट हलवलं, हुंगलं, दिव्यासमोर धरलं. मागे रांग वाढत चालली. शेवटी ते काकुळतीला आले. "पण न फोडता मला कळणार कसं?"

"हेच तर मी काल विचारत होते!"

रांगेत हशा पिकला. क्रूगरांनी मुकाट्याने नव्या किटलीचं सील स्वतः फोडलं, पाणी उकळून दाखवलं आणि जुनीच्या बदली ती देऊन टाकली. बाईंनी पाकीट पर्समध्ये ठेवलं.

"पण त्यात होतं तरी काय?" क्रूगरांना राहवेना.

"अजून काहीच नाही. भाचीचं लग्न मे महिन्यात आहे."