केरबाचं बाटलीतलं रक्त

एका गावात एक भोळा तेली होता, केरबा. इतका भोळा, की घाण्याच्या बैलाला झापडं बांधली की स्वतःही डोळे मिटून घ्यायचा.

एकदा त्याच्या छातीत कळ येऊ लागली. बायको साळू घाबरली. "अहो, डॉक्टरांकडे जा. माझ्या कुंकवाला जपा."

केरबा गेला. जाताना भेट म्हणून तेलाचा गाळ नेला. डॉक्टर म्हणाले, "गाळ राहू दे. उद्या उपाशी पोटी या, रक्त तपासू."

साळू चिडली. "गाळ नेतात होय? डॉक्टरांकडे न्यायचं ते घरातलं उत्तम न्यावं!"

"बरं," केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पैलवान भाच्याला उपाशी नेलं. कंपाउंडरनं केरबाचं नाव घातलं, रक्त भाच्याचं काढलं. निकाल आला झकास! साळूनं पेढे वाटले. पेढे वाटून होतात न होतात तोच केरबाला कळ आली.

"अहो, रक्त कुणाचं दिलंत?"

"भाच्याचं. घरात तेच उत्तम."

साळूनं कपाळ बडवलं. "देवा! दुखणं ज्याचं, रक्त त्याचं. पथ्य त्याला, औषधही त्यालाच! कळलं?"

"कळलं."

मग केरबानं स्वतःचं रक्त दिलं. डॉक्टरांचा चेहरा पडला. "केरबा, रक्तात चरबी फार. आत नसांना सूज असल्याचंही रक्तात दिसतंय. अशानं काळीज दगा देईल. तळलेलं बंद. रोज चालायचं. रात्री ही गोळी."

"म्हणजे दुखणं रक्तात?"

"तेच सांगतोय!"

केरबा उठला तो थेट कंपाउंडरकडे. हातापाया पडून उरलेल्या रक्ताची बाटली मागून आणली.

आठवडा गेला. साळू बाजारात गेली, तर केरबा भज्यांच्या गाडीपाशी. ओठ तेलानं चकचकीत. शेजारी बाकावर ती रक्ताची बाटली, तिच्या गळ्यात लोकरीची पट्टी.

"अहो, तळलेलं बंद ना?"

"बंदच की! ह्याला कणसुद्धा देत नाही. पहाटे मारुतीपर्यंत फिरवून आणतो. थंडी वाजू नये म्हणून पट्टी बांधलीय. रात्री गोळी आत टाकतो."

"आणि ही भजी?"

"त्याच्या वाटची. अन्न टाकू नये गं."

इतक्यात कळ आली. केरबानं एका हातानं छाती धरली, दुसऱ्यानं बाटली डोळ्यांसमोर धरून दरडावलं,

"खरं सांग! माझा डोळा चुकवून काय खाल्लंस?"