एका हंड्यातले चणे

ऐक रे येशूराया, तुझ्या क्रूसापुढची कहाणी. समुद्राकाठी एक आटोपशीर गाव होतं. वेशीवर दगडी क्रूस होता. मे महिन्यात गावच्या बाया तिथं नऊ संध्याकाळी प्रार्थनेला जमत. चाल अशी, की घरटी मूठभर भिजले चणे आणावेत, एका हंड्यात घालावेत, प्रार्थना होईतो शिजवावेत, मग सगळ्यांनी मिळून खावेत.

गावात इजाबेलबाय होती. घरची श्रीमंत, स्वतःचं गलबत. तिचा लेक कैतान सहा खलाशी घेऊन दर्यावर गेला. चार दिवसांत यायचा, बारा झाले, आला नाही. मग तिनं नवस केला. "नऊ संध्याकाळी गुडघे टेकीन. माझ्या कैतानला घरी आण."

पहिल्या संध्याकाळी ती टपोरे चणे घेऊन आली. हंड्यात डोकावली. त्यात मिठागरावर राबणाऱ्या रोझाचे चणे होते, बारके, काळपट. तिनं नाक मुरडलं. मग वेगळी चूल मांडली, पितळेचं पातेलं चढवलं. हंड्यातले चणे शिजले, पातेल्यातले कच्चे राहिले. दुसऱ्या संध्याकाळी लाकडं वाढवली, चणे कच्चेच. तिसऱ्या संध्याकाळी सोडा घातला, चणे खड्यासारखे. असं करता करता आठ संध्याकाळी गेल्या. दर्यावर शीड दिसेना.

नवव्या संध्याकाळी रोझा म्हणाली, "इजाबेलबाय, तुमचं पातेलं रुसलंय. या आमच्यात."

"तुला थट्टा सुचते. तुझं कोण आहे दर्यावर?"

"माझा धनी. तुमच्याच गलबतावर. तुमच्या कैतानला भात तोच रांधून घालतो."

इजाबेलबाय चुलीपुढं बसली होती, तिनं वळून रोझाकडे पाहिलं. सात वर्षं तो माणूस तिच्या गलबतावर होता, आणि तिला त्याचं नाव ठाऊक नव्हतं.

"नाव काय गं त्याचं?"

"पास्कू."

"आणि बाकीच्यांची?"

"थोमा, बस्त्याव, इनास, लोरेस. आणि म्हातारा सान्तान."

मग इजाबेलबाय उठली. आपले चणे हंड्यात ओतले. रोझाच्या चटईवर गुडघे टेकले. सहा नावं घेतली, सातवं लेकाचं घेतलं. म्हणाली, "सगळ्यांना आण." हंड्याला उकळी आली. टपोरे शिजले, बारके शिजले, सगळ्यांना चव एकच आली.

दिवस बुडायच्या आत खाडीच्या तोंडाशी शीड दिसलं. सात जण उतरले. कैतान म्हणाला, "आई, पाणी संपत आलं होतं. पास्कूनं एकाच करवंटीनं सगळ्यांना सारखं वाटलं. मला थेंब जास्त दिला नाही."

रोझा म्हणाली, "मग काय, तुला तांब्या हवा होता?"

इजाबेलबाय हसली, डोळे पुसले. ओंजळभर चणे घेतले. "पास्कू, ये बाबा," म्हणाली, आणि पहिले त्याच्या हातावर ठेवले. मग लेकाच्या.

जशी इजाबेलबायला नि रोझाला आपली माणसं मिळाली, तशी तुम्हां-आम्हां सगळ्यांना मिळोत. नवस आपल्यापुरता करू नये, चूल वेगळी मांडू नये. लांब दर्यावरची कहाणी काठाला लागली, सुफळ झाली, संपूर्ण झाली. आमेन.