शून्याची वीस टक्के घट

शिरोळच्या प्रभाताई चौगुलेंचे पापड गच्चीवर उन्हात वाळायचे. पुण्याची एक कंपनी ते घ्यायची, त्यावर चौदा बायकांची घरं चालायची. एकदा कंपनीचे देवस्थळीसाहेब माल बनवताना किती किलो धूर होतो ते मोजायला आले.

"धूर किलोत मोजतात?" प्रभाताईंना भारी कुतूहल. "आम्हाला तो डोळ्यांत गेल्यावरच कळतो."

साहेबांनी न हसता फॉर्म भरला. वाळवणाचा धूर शून्य. "गेल्या वर्षी किती होता?"

"शून्यच की."

"मग घट कुठे झाली? कंपनीचा नियम आहे, दरवर्षी वीस टक्के घट दाखवा, नाहीतर माल बंद. पलीकडच्या कारखान्याने डिझेल कमी केलं, त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं. मी पंधरवड्याने येतो."

प्रभाताईंच्या गणितापुढे सातवीतच मास्तरांनी हात टेकले होते. तरी दोन दिवस त्या शून्यातून वीस टक्के वजा करत बसल्या.

साहेब परत आले, तर दारात टेम्पो, टेम्पोत भलंमोठं यंत्र.

"हे काय?"

"पापड वाळवायचं डिझेलचं यंत्र, भाड्याने आणलंय. यंदा वर्षभर धूर करते, तुम्ही नीट मोजून घ्या. पुढच्या वर्षी पुन्हा उन्हात वाळवते. घट शंभर टक्के. मला वीस पुरे, उरलेली ऐंशी त्या कारखान्याला द्या."

साहेबांनी गच्चीवर वाळणाऱ्या पापडांकडे बघत पेन काढलं. मग फॉर्मवर लिहिलं, 'घटवण्यासारखं काही नाही. माल चालू ठेवावा.'

यंत्र घेऊन टेम्पो काळा धूर सोडत परत निघाला.

"साहेब," प्रभाताई म्हणाल्या, "हा तेवढा तुमच्या नावावर लिहा."