राहून गेलेला ‘न’

कुंदा तांडेलला संस्कृत आणि पालीत पदवी घ्यायची होती. चार शहरांत चौकशी केल्यावर तिला चांगलं शिकवणारं आणि फी परवडणारं एक सरकारी कॉलेज सापडलं. वसतिगृहाचा खर्च मात्र झेपेना, म्हणून तिने गावच्या शिक्षण मंडळाकडे शिष्यवृत्ती मागितली.

अध्यक्ष भाऊसाहेब सरमळकर अर्ज वाचून मोठ्याने हसले. “अगं पोरी, मेलेल्या भाषा शिकून काय करणार? त्या आता बोलतात तरी का?”

सगळे सभासद हसले. कुंदाचे कान तापले. तेवढ्यात तिला भाऊसाहेबांच्या खुर्चीमागची नवीकोरी पितळी पाटी दिसली.

“भाऊसाहेब, त्या पाटीवर काय लिहिलंय?”

“आमचं ब्रीदवाक्य! ज्ञानाशिवाय शोभा नाही.”

“त्या संस्कृत वाक्यात ‘विना’नंतरचा ‘न’ खोदायचा राहिलाय. तिथे ‘ज्ञानेन विना शोभा’ एवढंच आहे. म्हणजे ज्ञान नसलं तरी शोभा आहेच!” कुंदा शांतपणे म्हणाली, “भाषा मेलेली असेल, पण तुमच्या पाठीमागे तुमच्याबद्दल बरंच बोलतेय.”

भाऊसाहेबांनी वळून पाटी वाचली, पुन्हा वाचली आणि मग अर्जावर सही केली.

“तीन वर्षांची शिष्यवृत्ती मंजूर,” ते पुटपुटले. “पण जाण्याआधी ती पाटी उतरवायला जरा हात लाव.”