राहीचं दर्शन

एका पेठेच्या गावात चिमा नावाची एक रंगारीण राहत होती. देवीच्या साथीत तिची दोन पोरं गेली होती. उरली एकटी राही. तिलाही देवी आल्या तर, या धास्तीनं चिमाच्या घशाखाली घास उतरत नसे.

त्या काळी देवी टोचणारे गावोगाव फिरत. रोग्याच्या फोडातली लस सुईनं धडधाकट पोराच्या दंडावर टोचायची. मग चार फोड यायचे आणि पोर बहुधा वाचायचं. चिमानं असा एक टोचणारा घरी आणला. टोचून झाल्यावर तो म्हणाला, "बाई, खपल्या गळेपर्यंत घरात कुणाला घेऊ नका. हिच्या देवी सौम्य असतील, पण हिच्यापासून दुसऱ्याला लागतील त्या जबर." चिमानं राहीची शपथ घेतली आणि दाराला कडुलिंबाची डहाळी बांधली.

राहीला फोड आले, ताप आला आणि उतरलाही. पोर अंथरुणात बसून गुळाचा खडा मागू लागली. चिमाचा जीव भांड्यात पडला.

पण पेठेत बातमी फुटली. फोड आलेलं पोर म्हणजे साक्षात देवी, तिच्या पाया पडायचं, अशी तिथली रीत. बायका दारात जमल्या.

"देवी घरात आणि तू कडी लावून बसलीस? सगळं पुण्य एकटीलाच हवं होय गं?" एकीनं टोमणा मारला.

खरं कारण चिमाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण उद्या विहिरीवर कुणी आपल्याशी बोलणार नाही, असं तिच्या मनात आलं आणि बाईनं कडी काढली. काढली हो, स्वतःच्या हातानं!

शेजारची भिवरा सगळ्यांत पुढं होती. नवसासायासानं झालेलं तान्हं लेकरू तिनं राहीच्या पायांवर घातलं. राहीनं हसून त्याच्या गालावरून हात फिरवला. चिमा बघत उभी राहिली.

महिनाही झाला नाही, तोच पेठेत घरोघरी पोरं फणफणू लागली. राही मात्र अंगणात खेळत होती. एका सकाळी भिवरा लेकराला पदराखाली घेऊन आली. त्याच्या पापण्यांवरसुद्धा फोड होते.

"चिमाक्का, राहीला म्हणावं, याच्यावरून हात फिरव. तिचा हात लागला की उतरेल बघ."

ही बाई अजून हात जोडतेय, आणि तेही आपल्यापुढं! चिमाच्यानं गप्प राहवेना.

"भिवरा, तिच्यापासूनच लागलंय गं याला. तिच्या अंगात देवी नव्हती, रोग होता. दार उघडू नका म्हणून मला बजावलं होतं."

भिवरानं विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मी याला पायांवर घातलं, तेव्हा तू तिथंच उभी होतीस."

भिवरानं पदर बाजूला करून लेकराकडे पाहिलं. ते गेलं होतं.

तात्पर्य: रोग दाराआड ठेवायचा तो शेजाऱ्याच्या लेकरासाठी. चारचौघांच्या बोलण्याला भिऊन जो दार उघडतो, त्याचं पोर वाचलं तरी दुसऱ्याच्या पोराचा जीव त्याच्याच माथी येतो.