फळ्यामागची मडकी

निमसे बाई शाळेत एकट्याच डबा खायच्या. वर्गमंत्री संस्थेच्या मर्जीनं नाही, मुलांच्या मतांनीच निवडायचा हट्ट त्यांनी धरला, तेव्हापासून त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली होती.

मतदानाची रीत साधी होती. फळ्यामागे प्रत्येक उमेदवाराचं एक मडकं ठेवलेलं. मुलानं एकट्यानं मागे जायचं आणि हव्या त्या मडक्यात चिंचोका टाकायचा. यंदा संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब रणपिसे यांचा नातू हरला. दुसऱ्याच दिवशी आबासाहेब सगळ्या संचालकांना घेऊन वर्गात आले.

“माझ्या नातवाला कोणाकोणी मत दिलं नाही, ते एकेकाला उभं करून विचारा,” ते म्हणाले. “मनात पाप नसेल, तर लपवायचं कशाला?”

संचालकांनी माना डोलावल्या. बाईंनी आशेनं दाराकडे पाहिलं, तर मुख्याध्यापक तिथूनच मागे फिरले.

“विचारते,” बाई म्हणाल्या. “पण मुलं मोठ्यांचं बघून शिकतात. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तुमच्याही विरोधात काही मतं पडली होती. ती देणारे इथेच आहेत. आधी त्यांनी पुढे येऊन सांगावं, मग मुलं सांगतील.”

डोलणाऱ्या माना थांबल्या. एक संचालक घाईघाईनं म्हणाले, “जाऊ द्या आबासाहेब, मत गुप्तच बरं.” बाकीच्यांनी लगेच त्यांची री ओढली.

आबासाहेबांनी एकेकाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. कोणीच नजरेला नजर देईना.

मधल्या सुट्टीत बाईंनी नेहमीसारखा एकट्यानंच डबा उघडला. खिडकीतून फाटक दिसत होतं. संचालकांच्या घोळक्यातून आबासाहेब गाडीकडे चालले होते, बाईंपेक्षाही एकटे.