इतका कडू असतो होय?

एकदा एक वृद्ध वैद्यराज आपला शिष्य रोगी कसे तपासतो, ते ओसरीवर बसून पाहत होते. शिष्य हुशार होता, आणि हे त्याला स्वतःलाही जरा जास्तच ठाऊक होते.

गुळाचा एक म्हातारा व्यापारी आला. पायांवर सूज, दोन पायऱ्या चढला तरी धाप. हृदयाची गती आवरणारा काढा शिष्य त्याला वर्षभर देत होता. गुण येत नाही म्हणून दर खेपेला तो अधिक तीव्र करत होता.

"काढा रोज सकाळी नेमाने घेताय ना, शेटजी?"

"घेतो की. तुमचा शब्द मोडेन होय?"

शिष्याने आतून नवा काढा आणला. औषध तेच, पण कितीतरी पट कडक. "आजची मात्रा इथेच घ्या, माझ्यासमोर."

व्यापारी घुटमळला. मग त्याने वाटी ओठांना लावली आणि जीभ टेकताच तोंड वाकडे केले. "अरे बापरे, इतका कडू असतो होय?"

त्याच क्षणी वैद्यराजांनी काठीच्या फटक्याने ती वाटी उडवली. काढा ओसरीभर सांडला. ज्यांनी कधी आवाजही चढवला नाही, त्यांनी एका आजारी म्हाताऱ्यावर काठी उगारावी? व्यापारी मागे सरून भिंतीला टेकला.

"गुळाची पारख जिभेवर करणारा माणूस हा," वैद्यराज म्हणाले. "वर्षभर काढा प्यायला असता, तर तो कडू असतो हे याला आज कळलं असतं का? याने थेंबही घेतलेला नाही. न घेतलेल्या औषधाचा गुण येईना, म्हणून तू मात्रा वाढवत गेलास. ही वाटी पोटात गेली असती, तर संध्याकाळी आपण याच्या तिरडीमागून चालत असतो."

शिष्य व्यापाऱ्यासमोर खाली बसला. "शेटजी, मला सांगितलं का नाहीत?"

"सकाळी बाजारात गूळ चाखून भाव ठरवावा लागतो," व्यापारी खाली मान घालून म्हणाला. "काढ्याने तोंडाची चव जाते असं ऐकलं होतं. जीभ गेली तर माझ्याकडे उरलं काय? पण तुम्ही एवढ्या मायेने 'घेताय ना' विचारायचात. नाही म्हणायला जीभ रेटेना."

वैद्यराज शिष्याजवळ बसले. "तू प्रश्न विचारतच नव्हतास, होकार मागत होतास. आजारी म्हातारा माणूस आधीच ओशाळलेला असतो. त्याला नाही म्हणायला जागा ठेवावी. अरे, हा काढा रात्री घेतला असता तरी चाललं असतं."

शिष्याने सांडलेला काढा स्वतःच्या हाताने पुसला. मग अगदी सौम्य मात्रेच्या काढ्याची पुडी बांधून, रात्री घ्यायला सांगून, व्यापाऱ्याच्या हाती दिली. नंतर एक आजी पुढे आल्या.

"आजी, औषध कधी कधी राहून जात असेल, नाही?"

आजींनी दाराशी बसलेल्या आपल्या मुलाकडे एकदा पाहिले. मग हळूच कमरेची पिशवी सोडून तिच्यातल्या न उघडलेल्या पुड्या शिष्यासमोर ओतल्या. ढीग पाहून मुलगा ओरडायलाच उठला. शिष्याने हातानेच त्याला बसायची खूण केली.

आपल्याही घरात आज हा प्रश्न विचारून पाहावा, आणि उत्तराने धक्का बसला तरी ओरडू नये.